तेल बदलता, मग गाळणी जुनीच का?

(बोळिंज येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी कृषिविद्या शिकवतो, यंत्रे हा माझा विषय नव्हे. पण तुमची फुले, केळी, भाजी पहाटेच्या बाजारात पोहोचली नाही, तर वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून टेम्पो-ट्रॅक्टरच्या ऑईल फिल्टरविषयी दोन शब्द सांगतो.

माझे वडील ट्रॅक्टरचे तेल वेळेवर बदलत, पण गाळणी 'अजून चालेल' म्हणून तशीच ठेवत. ऐन चिखलणीत क्रँकचे बेअरिंग गेले. दुरुस्ती होईपर्यंत भाताची रोपे जून झाली. वाचले ते गाळणीचे पैसे, बुडाले ते पीक.

असे का होते? फिल्टरमधील कागद काजळी व धातूचा कीस अडवतो. तो तुंबला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते. इंजिन चालू राहते, म्हणून दोष लक्षात येत नाही. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडते, तेव्हा नुसत्या रंगावरून ठरवू नका.

बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत पाहा. वाहतूक कोंडीत इंजिन चालते, पण किलोमीटर वाढत नाहीत. धूळ, जादा भार, वारंवार थांबणे असेल तर पुस्तिकेत कठीण वापरासाठी दिलेली कमी मुदत धरा. ट्रॅक्टरसाठी तास मोजा. दोन-चार गाड्या असतील तर प्रत्येकीची वेगळी वही ठेवा व बदलल्याची तारीख, किलोमीटर किंवा तास लिहा.

गाळणी बदलताना :
१) कोमट इंजिनाचे तेल काढा.
२) जुने रबरी वायसर चिकटून राहिलेले नाही, हे पाहा.
३) नव्या वायसरला तेल लावून गाळणी हाताने आवळा.
४) इंजिन सुरू करून गळती तपासा. बंद केल्यावर थोड्या वेळाने तेलपट्टी पाहा.
५) जुनी गाळणी कापून पाहा. चकाकता कीस दिसल्यास मेकॅनिकला दाखवा. तेल दुधाळ असल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजा.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले होते. अशा वेळी बुडालेली गाडी सुरू करू नका. आधी मेकॅनिककडून तपासून घ्या, तेल व गाळणी बदला.

शेवटी एक विनंती. जळके तेल बावखलात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल, असे पाहा. ज्या पाण्यावर आपली वाडी जगते, ते नासवून गाडी राखण्यात काय अर्थ?