गाजरगवत आणि वावडें

पावसाळ्यांत पुण्याच्या आसपास मोकळ्या जागीं बारीक पांढऱ्या फुलांचें एक गवत कमरेइतकें वाढलेलें दिसतें. पानें गाजरासारखीं, म्हणून त्यास गाजरगवत म्हणतात. मूळचें तें अमेरिका खंडांतील. पुण्यांत १९५५ च्या सुमारास तें नजरेस भरलें व पुढें देशभर पसरलें. त्याच्या संसर्गानें एखाद्या गृहस्थाच्या पापण्या सुजतात, चेहरा व मान लाल होऊन खाजूं लागतात. शेजारचा मनुष्य मात्र त्याच गवतांतून खुशाल फिरतो. असें कां व्हावें?

या प्रकारास ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. आपला ‘वावडें’ हा शब्द त्याच्या बराच जवळ आहे. रोगजंतूंस अडविणारी शरीराची शक्ति कधीं कधीं निरुपद्रवी पदार्थासच शत्रु समजते आणि चोर सोडून संन्याशाला फांशी, असा प्रकार होतो. पराग नाकांत वा डोळ्यांत गेले कीं कांहीं मिनिटांतच हिस्टामिन नांवाचें द्रव्य सुटतें. शिंका, वाहणारें नाक, डोळ्यांची खाज हा त्याचाच प्रताप.

त्वचेची गोष्ट निराळी. गवतांतील पार्थेनिन हें द्रव्य लागल्यावर पुरळ उठावयास बहुधा एकदोन दिवस जातात. त्यामुळें खरें कारण विसरलें जातें आणि दोष आदल्या दिवशींच्या वांग्यावर येतो.

याहून वाईट म्हणजे हा विकार सांसर्गिक आहे, ही समजूत. तो एकाचा दुसऱ्यास कधींच होत नाहीं. सुनेच्या हातावर पुरळ दिसतांच तिचीं भांडीं निराळीं करणें, हा निव्वळ अन्याय होय.

खरा उपाय म्हणजे कारण हुडकून तें टाळणें. त्वचेच्या विकारांत डॉक्टर संशयित पदार्थाच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस लावून परीक्षा करतात. गवत फुलण्यापूर्वींच, हातमोजे घालून उपटावें. ज्यास त्याचें वावडें आहे, त्यानें मात्र त्यास हातच लावूं नये. बाहेरून आल्यावर हातपाय व तोंड धुवावें. डोळे चोळूं नयेत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचें मलम लावीत राहिल्यास त्वचा पातळ होते. तशींच थेंबांचीं औषधें डोळ्यांत दीर्घकाळ घातल्यास काचबिंदु होऊं शकतो. ओठ वा जीभ सुजून श्वास कोंडूं लागल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें.

वावडें हा कोणाचा दोष नव्हे. रोग्यास दूर न सारतां रोगाचें कारण दूर सारावें, हेंच शहाणपण.