सेवा यंत्राची आणि सेवा माणसाची

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल प्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. निमंत्रण देण्यासाठी अध्यक्ष महोदय माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांनी एक मनोदय बोलून दाखविला. महोत्सवी निधीतून, समाजातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रक्तदाब व साखर मोजणारी, मोबाइलला जोडलेली उपकरणे आणि संकटसमयी दाबावयाचे बटन द्यावे, असा तो संकल्प. “डॉक्टर, कोणती यंत्रे घ्यावीत तेवढे सांगा,” असे ते म्हणाले. आज मी यंत्रांची यादी घेऊन आलेलो नाही, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. त्याऐवजी एका संशोधिकेचे कार्य आपल्यापुढे ठेवणार आहे. ते ऐकून मग यादी करावी, अशी माझी विनंती आहे.

या विदुषींचे नाव प्राध्यापक ट्रिशा ग्रीनहॅल्श. लंडनमध्ये त्यांनी अनेक वर्षे कुटुंबवैद्य म्हणून रुग्ण तपासले, तेथील विद्यापीठांत अध्यापन केले आणि २०१५ पासून त्या ऑक्सफर्ड विद्यापीठात कार्यरत आहेत. वैद्यकीय शोधनिबंध कसा वाचावा हे शिकविणारे त्यांचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ते वाचले. परंतु त्यांच्या कार्याचा मोठा भाग एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. आरोग्यसेवेत आणि वृद्धांच्या देखभालीत एवढी उत्तम यंत्रे येतात, मग ती वापरली का जात नाहीत?

हा प्रश्न उगाच निर्माण झालेला नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली सरकारने रुग्णालये आणि दवाखाने संगणकाने जोडण्याची एक प्रचंड राष्ट्रीय योजना हाती घेतली. अब्जावधी पौंड खर्च झाले आणि २०११ साली ती योजना मोडीत काढल्याचे जाहीर करावे लागले. त्याच योजनेत नागरिकांना स्वतःच्या आरोग्याची नोंद संगणकावर पाहता यावी म्हणून ‘हेल्थस्पेस’ नावाची सोय केली होती. लोकसंख्येपैकी पाच ते दहा टक्के लोक तिचे पूर्ण खाते उघडतील, असा मूळ अंदाज होता. ग्रीनहॅल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की असे पूर्ण खाते उघडणारे लोक अवघे २९१३ होते. ज्यांना निमंत्रण दिले होते, त्यांच्या ०.१३ टक्के! पुढे २०१२ मध्ये ही सोय बंद झाली. यंत्रणा मोडकी नव्हती, लोक अडाणी नव्हते. दीर्घ आजार सांभाळणाऱ्या माणसाला दिवसभरात जे करावे लागते, त्यात त्या सोयीला जागाच सापडली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या संकल्पाच्या अधिक जवळचे आहे. २००८ पासून कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूहॅम या तीन ठिकाणी घरबसल्या देखरेखीचा एक मोठा प्रयोग झाला. तो इतर संशोधकांचा होता. मधुमेह, हृदयाची क्षीणता आणि जुनाट श्वसनविकार असलेले ३२३० रुग्ण त्यात होते. काहींच्या घरी मोजमापाची यंत्रे बसविली, काहींना नेहमीचीच सेवा दिली. बारा महिन्यांत यंत्रे असलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ४.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८.३ टक्के आढळले. साहजिकच मोठा उत्साह निर्माण झाला. पाच वर्षांत तीस लाख लोकांपर्यंत अशी सेवा नेण्याची घोषणा झाली. मात्र २०१३ मध्ये खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. चांगल्या प्रकृतीने जगलेल्या आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे ९२ हजार पौंड खर्च येत होता. त्या काळी तेथे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च योग्य मानला जाई.

म्हणजे लाभ दिसतो, पण फार महाग पडतो. एके ठिकाणी चालते, दुसरीकडे चालत नाही. अशा वेळी आकड्यांपाशी न थांबता ग्रीनहॅल्श आणि त्यांचे सहकारी थेट वृद्धांच्या घरी गेले. साठ ते अठ्ठ्याण्णव वर्षे वयाच्या चाळीस व्यक्तींना ते भेटले, त्यांच्याजवळ बसले, त्यांचा दिनक्रम पाहिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांना काय दिसले? एकेका वृद्धाला एकच व्याधी नसते. हात कापतो, दृष्टी मंद असते आणि बोटेही आखडलेली असतात. तिन्ही मिळून लहान बटन दाबणे अशक्य करतात. पुरविलेली पुष्कळ उपकरणे न वापरता पडून होती. काहींनी ती जाणूनबुजून बाजूला ठेवली होती. आणि जी उपयोगी ठरली, ती बहुधा कुणीतरी जवळच्या माणसाने जुळवून दिलेली होती. मुलगी, नातू किंवा मित्र, ज्याला त्या व्यक्तीची नेमकी अडचण ठाऊक होती, त्याने थोडे इकडचे, थोडे तिकडचे जोडून ती वस्तू तिच्या हाताला बसविली होती.

बंधुभगिनींनो, हे वाचताना मला माझ्या मामींची आठवण झाली. मामा गेल्यानंतर त्या गावी एकट्याच राहत. परदेशातील मुलाने मोठ्या प्रेमाने रक्तदाबाचे यंत्र पाठविले. मामींनी पट्टा बांधला की आकडा तिकडे मुलाच्या मोबाइलवर उमटे. आकडे उत्तम येत होते. मीही समाधानी होतो. एकदा सहज भेटीला गेलो असता मी दवाखान्यातील यंत्राने रक्तदाब मोजला, तर तो पुष्कळ वाढलेला. विचारले तेव्हा मामी संकोचाने म्हणाल्या, “अरे, आकडा वाढला की त्याचा मध्यरात्री फोन येतो. तिकडे त्याचे कामात लक्ष लागत नाही. म्हणून बरे वाटते त्या दिवशीच पट्टा बांधते.” यंत्रात दोष नव्हता, मुलाच्या मायेत नव्हता आणि मामींच्या बुद्धीत तर मुळीच नव्हता. आईला मुलाची झोप स्वतःच्या रक्तदाबाहून मोलाची वाटली, एवढेच. मला मात्र स्वतःचा राग आला. मी वैद्य असून आकडा पाहत राहिलो, मामींना विचारले नाही.

पुढे शेजारच्या कन्येने ते काम अंगावर घेतले. सूर्यास्तापूर्वी मामींची व्याळू होई, त्याच्या थोडे आधी ती येई, पट्टा बांधी, आकडा वहीत लिही आणि दोन गोष्टी बोलून जाई. आकडा वाढलेला दिसला तर ती मला कळवी, मुलाला नव्हे. यंत्र तेच होते. त्याभोवतीची माणसे आणि रीत बदलली, आणि ते उपयोगी पडू लागले.

ग्रीनहॅल्श यांनी २०१७ साली सहकाऱ्यांसह जी मांडणी केली, ती हाच अनुभव शास्त्रीय रीतीने सांगते. ‘नॅस’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. एखादी नवी सुविधा रुजेल की सोडून दिली जाईल, हे पाहण्यासाठी त्यांनी सात बाजू सांगितल्या. आजार कसा आहे? यंत्र कसे आहे? त्याचा लाभ नेमका कोणाला, विकणाऱ्याला की वापरणाऱ्याला? वापरणारा रुग्ण, त्याचे आप्त आणि सेवक यांच्याकडून त्यासाठी काय अपेक्षित आहे? संस्थेची तयारी किती? भोवतालचे कायदे आणि समाज अनुकूल आहेत काय? आणि काळाबरोबर यात बदल करता येईल काय? यांतील एखादी बाजू गुंतागुंतीची असली तरी निभावते. अनेक बाजू एकाच वेळी अनिश्चित असल्या, तर ती योजना मुख्य प्रवाहात रुजणे अतिशय कठीण, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

त्या तंत्रज्ञानाच्या विरोधक आहेत, असा समज कृपया करून घेऊ नये. लंडनमधील रुग्णालयांत दृक्‌श्राव्य पद्धतीने रुग्ण तपासण्याचा त्यांनी अभ्यास केला आणि योग्य रुग्णांसाठी ती पद्धत सुरक्षित व परिणामकारक असल्याचे नमूद केले. तशा भेटींत रुग्ण थोडे अधिक बोलतो, असेही त्यांना आढळले. मात्र २०१८ च्या त्या अहवालानुसार, सहभागी विभागांत अशा भेटींचे प्रमाण केवळ २ ते २२ टक्के होते. पुढे २०२० मध्ये महामारी आली आणि जे वर्षानुवर्षे घडले नव्हते, ते काही आठवड्यांत घडले. कारण तेव्हा गरज सर्वांनाच सारखी जाणवली, नियम सैल झाले आणि सर्व बाजू एकदम जुळून आल्या. यंत्रे तर पूर्वीपासूनच होती.

आता आपल्या संकल्पाकडे येतो. आपल्याकडे आजाऱ्याच्या व वृद्धाच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना तपात होते. तप दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, हे आपण जाणताच. म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत.

पहिली, खरेदीपूर्वी प्रत्येक वृद्धाच्या घरी जावे आणि ‘तुम्हाला काय हवे’ याहूनही ‘तुमचा दिवस कसा जातो’ हे विचारावे. कुणाला यंत्रापेक्षा न्हाणीघरात धरावयास दांडी हवी असेल, कुणाला आठवड्यातून दोनदा मंदिरापर्यंत सोबत. कुणी चौविहार पाळतो, कुणी पर्युषणात उपवास करतो. त्या दिवसांत औषध आणि साखरेची तपासणी कशी सांभाळावी, हे यंत्राला ठाऊक नसते. जवळच्या माणसाने ते वैद्याला आधीच विचारून ठेवावे लागते.

दुसरी, प्रत्येक यंत्रामागे एका माणसाचे नाव लिहावे. बटन दाबले तर धावत कोण येणार? आकडा वाढला तर कोणाला कळणार? विद्युतघट कोण बदलणार? ज्या घरासाठी असे नाव सापडणार नाही, तेथे यंत्र देण्याआधी माणूस शोधावा.

तिसरी, निधीची सर्व रक्कम खरेदीत खर्च करू नये. काही भाग पुढील वर्षांसाठी राखावा, सहा महिन्यांनी पुन्हा घरोघरी जावे आणि जे यंत्र कपाटात गेले असेल, ते का गेले हे न रागावता विचारावे. त्या उत्तरात आपल्या चुकीचा पत्ता असतो.

हे काम वृद्धांसाठी युवकांनी करावे, अशी माझी इच्छा आहे. एका वसाहतीत दहा घरे आणि पाच युवक एवढ्यापासून आरंभ केला, तरी पुष्कळ झाले. यंत्रांची यादी मी त्यानंतर आनंदाने करून देईन, आणि ती आजच्या अपेक्षेपेक्षा बरीच लहान असेल, असे मला वाटते.