हृदयाची इको तपासणी : भीती कशाची?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'टू-डी इको' असे लिहिले की पुष्कळ घरांत चिंतेचे वातावरण पसरते. आता ऑपरेशनच करावे लागणार असे गृहीत धरले जाते आणि चिठ्ठी कपाटात जाऊन पडते. आपल्या आयाबहिणींच्या बाबतीत तर हे फारच घडते. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, पण 'आता वय झाले' असे म्हणून दिवस ढकलले जातात. भीतीपेक्षाही संकोच अधिक असतो. म्हणून ही तपासणी होते तरी कशी, ते आज सांगणार आहे.

कड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती परत ऐकू येते. तत्त्व हेच. सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. येथे तो साधारण २० ते ५० लाख कंपनांचा असतो व शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. १५ सें.मी. खोलीवरून त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परतेल, हे गणित विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे. स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर व पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयाचे असे प्रतिध्वनी प्रथम टिपले. त्यासाठी वापरलेले यंत्र मुळात धातूतील दोष शोधण्याचे होते! यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरोदर स्त्रिया व लहान मुलांचीही ही तपासणी निर्धास्तपणे करता येते.

खोलीत उजेड मंद असतो. छातीवरचे कपडे बाजूला करावे लागतात, हे खरे. पण समोरून उघडणारा गाऊन व वर चादर मिळते. स्त्री रुग्णाने सोबत नर्स किंवा घरातील बाई असावी असे आधीच स्पष्ट सांगावे. तो तिचा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. छातीला दोन-तीन तारा चिकटवतात आणि डाव्या कुशीवर निजवतात, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ येते. मग थंडगार जेली लावून, मुठीत मावणारे यंत्र बरगड्यांच्या मधे टेकवून फिरवतात. थोडा दाब जाणवतो, मधूनच श्वास रोखायला सांगतात. एकाएकी 'हुश्श हुश्श' असा आवाज आला तर दचकू नये. वाहत्या रक्ताचीच ती चाहूल असते. अर्ध्यापाऊण तासात काम आटोपते. या साध्या तपासणीत सुई नाही, भूल नाही, काही गिळायचे नाही, उपाशी राहण्याचीही गरज नाही. रोजा असला तरी अडचण येत नाही. घशातून नळी घालून करावयाचा इको निराळा; त्याला मात्र काही तास उपाशीपोटी राहावे लागते.

आता रिपोर्टाकडे वळू. त्यात 'ई.एफ. ६० टक्के' असे वाचून लोक घाबरतात : म्हणजे हृदय ४० टक्के निकामी! हे परीक्षेचे गुण नव्हेत. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर फेकले जाते, त्याचे ते प्रमाण आहे. शंभर टक्के कोणाचेच नसते. ५५ ते ७० हे सर्वसाधारणपणे निरोगी मानतात. उलट चूकही होते. इको चांगला आला म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करू नये. झडपा, पडदे, स्नायूंची हालचाल इकोत दिसते, परंतु हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमधील अडथळा सरळ दिसत नाही.

पालकांना आणखी एक विनंती. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे सांधे एकामागून एक सुजू लागले, ताप आला, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून तेल चोळत बसू नका. तो सांधेताप असू शकतो व त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. डॉक्टरांनी इको सांगितला तर लगेच करून घ्या. पुढे तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागले, तर मूल बरे दिसते म्हणून ते मधेच थांबवू नका. आणि प्रत्येक खेपेला जुने रिपोर्ट बरोबर आणा. झडप किती बदलली, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळते.