लेकरू कुणाकडे राहणार?


नांदेड असो की लातूर,
संसार मोडायची वेळ आली
की जीव अडकतो एकाच प्रश्नात.
लेकरू कुणाकडे राहणार?

नीट ऐका.
कोर्ट सगळ्यांत आधी मुलाचं हित पाहतं.
बापाची कमाई जास्त आहे,
एवढ्यावर ताबा मिळत नाही.
हिंदू कायद्याप्रमाणे
पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं.
मूल जाणतं असेल,
तर न्यायाधीश त्याचं मनही विचारात घेतात.
म्हणून मायबापहो,
लेकराला साक्षीसाठी पढवू नका.
त्याचा फार कोंडमारा होतो.

नांदेडला आणि लातूरला कौटुंबिक न्यायालय आहे.
तिथं आधी समेटाचा प्रयत्न होतो.
समुपदेशकाशी मोकळेपणानं बोला.

समजा, नवरा पुण्याला, बायको माहेरी लातूरला.
हिंदू विवाह कायद्यात 2003 साली बदल झाला.
तेव्हापासून तिला घटस्फोटाचा अर्ज
लातूरलाच करता येतो.

वकिलाला पैसे नाहीत?
ताई, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.
बाईला तिथं मोफत वकील मिळतो.
उत्पन्नाची अट नाही.
फोन नंबर लिहून घ्या.
एक, पाच, एक, शून्य, शून्य.
पुन्हा सांगते.
एक, पाच, एक, शून्य, शून्य.

समन्स आलं, तर टाळू नका.
तारखेला गेलाच नाहीत,
तर एकतर्फी निकाल लागू शकतो.

आणि ताबा एकाकडे गेला,
तरी दुसऱ्याला भेट मागता येते.
रविवार, सणवार, उन्हाळ्याच्या सुट्ट्या,
सगळं अर्जात स्पष्ट लिहा.
पुढं परिस्थिती बदलली,
तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.
तेव्हाही कोर्ट पाहतं ते मुलाचं हितच.