अठराव्या वर्षी सोबत कोण?



महाविद्यालयांच्या सामाजिक उपक्रमांत अनाथाश्रमाची भेट हमखास असते. एक बस, आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यांच्या पेट्या, वह्यांचे वाटप, मुलांची दोन गाणी आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. जाणाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण या भेटीतून पाहुण्यांना जेवढे मिळते तेवढे मुलांना मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या लेकराची माणसे एकदा सुटली, त्याला दर महिन्याला नवी माणसे जवळ घेतात आणि दिवस मावळायच्या आत निघून जातात. फोटोचे तर विचारूच नका. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग द्यायचे काय? वरुड-मोर्शीच्या पलीकडे, अचलपूर तालुक्यात वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या, बहुतांश दिव्यांग मुलांना सांभाळले आणि बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. हे यश एका दिवसाच्या पाहुण्यांचे नाही. ब्रेलपासून परीक्षेपर्यंत वर्षानुवर्षे तिच्याजवळ बसलेल्या माणसांचे आहे. बालगृहातल्या मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर काढू नये, ही बाबांची जुनी मागणी. कायद्यात त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण खोली शोधायला, प्रवेशअर्ज भरायला, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला सोबत करायला कायदा येत नाही. मित्रांनो, अठरा हे तुमचेच वय आहे. याच वयात तुम्ही घरून डबा घेऊन कॉलेजला आलात.

कुणी म्हणेल, काहीच न करण्यापेक्षा एक दिवस बरा. पाहिल्याशिवाय कळवळा येत नाही, आणि संस्थांना देणगीही अशाच भेटींतून मिळते. देणगीची गरज खरी आहे. पण ती पोचवायला पन्नास जणांची बस लागत नाही. कळवळ्याचे म्हणाल, तर नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे त्यांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनीही आधी नुसती पाहिलीच होती. फरक इतकाच, की सर पुन्हा फुटबॉल घेऊन गेले, आणि २००१ पासून जातच राहिले. मुलांना हातात चेंडू मिळाला आणि उद्या सर येणार हा भरवसाही मिळाला. अनाथाश्रमातले असोत की वस्तीतले, लोक काही बघायची गोष्ट नाहीत. त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारले पाहिजे, आणि विचारायलाही पुन्हा जावे लागते.

म्हणून या वर्षी पन्नास जणांनी एकदा जाऊ नका. पाच जणांनी वर्षभर, ठरलेल्या वारी, अधीक्षकांच्या परवानगीने गणित किंवा संगणक शिकवायला जा. बाकीच्यांनी बसच्या भाड्याची वर्गणी त्यांच्या हाती द्या. आणि पहिल्याच दिवशी अधीक्षकांना विचारा : यंदा अठरा कोणाला पूर्ण होताहेत?