बोटीत गेलेल्यांचा माग



कोकणात अशी घरे पुष्कळ आहेत, की पणजोबा कसे गेले म्हणून विचारले तर एकच उत्तर मिळते, "बोटीत गेले." कोणती बोट, कोणते साल, असे पुढे विचारले की सारे गप्प. प्रेत हाती लागलेले नसते; मग कागद तरी कुठून असणार? असे घरच्यांना वाटते. पण कागद असतो. मात्र त्याचा शोध मुंबईच्या कचेरीत सुरू करू नका. घरातल्या श्राद्धाच्या तिथीपासून सुरू करा.

तिथीचे एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. पाहा, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. ते दिवस दिवाळीनंतरचे, कार्तिकातले. 'रामदास' बोट गेली ती १७ जुलै १९४७ ला, ऐन आषाढ अमावास्येच्या, म्हणजे आपल्या बोलीतल्या गटारीच्या सुमारास. तेव्हा आजीला साल आठवत नसले तरी "गटारीला त्यांचे पान वाढतो" एवढे ती बोलली, की निम्मे काम झाले! सर्वपित्रीलाच पान वाढत असतील तर मात्र त्यावरून काही ठरवू नये. तिथी ठाऊक नसली म्हणजे तो दिवस धरतात.

'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. भर पावसाळा. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि बुडाली. कोळ्यांच्या होड्यांनी काहींना वाचवले. सहाशेहून अधिक माणसे गेली. नेमकी किती? निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे वाचायला मिळतात, आणि त्यात नवल नाही. रेवसचे तिकीट घेणाऱ्या उतारूचे नाव कोण लिहून घेणार? म्हणून ती नावे धक्क्यावर शोधून मिळायची नाहीत. ती गावात आहेत.

पहिली वही जन्म-मृत्यूची, म्हणजे गाव नमुना १४. पण इथे एक मेख आहे बरे का. प्रेत ज्या किनाऱ्याला लागले त्या गावच्या वहीत नोंद पडलेली असू शकते, आणि तीही 'अनोळखी इसम' एवढीच. म्हणून आपल्याच गावची वही पाहून परत फिरू नका.

दुसरा कागद फेरफाराचा. जमीन अर्धा गुंठा का असेना, मालक गेला की वारसांची नावे लागतात. त्या नोंदीत मयताचे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे एका जागी मिळतात. तारखेला मात्र फसू नये. सात वर्षे माणसाचा काही ठावठिकाणा नसेल तर तो मेला असे कायद्याने धरता येते, त्यामुळे १९४७ साली बुडालेल्याची वारसनोंद १९५४-५५ सालीही सापडेल. ज्याच्या नावे जमीनच नव्हती, त्याचे काय? गुरुजनहो, त्याच्यासाठी तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर काढा. मुलाच्या नावापुढे बाप असता पालक म्हणून चुलता किंवा मामा लागला असेल, तर त्या घरी जाऊन विचारण्यासारखे आहे. नाशिक-त्र्यंबकला घरचे कोणी गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. जुनी नोंद मोडीत निघाली तर वाचणारा गाठावा लागेल.

जहाजावर नोकरीला असलेल्यांची गोष्ट वेगळी. उतारूचे नाव नसले तरी खलाशाचे नाव पटावर असतेच. त्याला पगार द्यायचा असतो ना! दुसऱ्या महायुद्धात नौदलातले आणि व्यापारी जहाजांवरचे जे दर्यावर्दी समुद्रात गेले, त्यांतल्या अविभाजित हिंदुस्थानातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावे मुंबई आणि चित्तगाव येथील सन्मानवह्यांत लिहिलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ही यादी आता संगणकावरही पाहता येते. शाळेत संगणक असेल तर एखाद्या दुपारी मुलांना घेऊन बसा. नावे इंग्रजी लिपीत, कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली आहेत. तेव्हा एका स्पेलिंगवर अडून न बसता चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा, आणि यादीत वडिलांचे नाव दिलेले असेल तर ते आजीला वाचून दाखवा.