मूत्राशयाचा विसावा आणि पोटॅशियमची दारे

(उंब्रज येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळास आठी पडली असेल. मंगल प्रसंगी लघवीची गोष्ट कशाला, असेही कोणी मनात म्हणेल. परंतु आपल्याच समाजातील कित्येक आजोबा-आजी अलीकडे पालच्या खंडोबाच्या यात्रेस येत नाहीत, लग्नाच्या वऱ्हाडात एस.टी.त बसावयाचे टाळतात, आणि विचारले असता गुडघे दुखतात असे सांगतात. पुष्कळदा खरे दुखणे गुडघ्यात नसते. लघवीची भावना होताच क्षणभर दम धरवत नाही, वाटेत वस्त्र ओले होईल, ही धास्ती त्यांना उंबऱ्याच्या आत बसवून ठेवते. हे मुलाला सांगवत नाही, सुनेला सांगवत नाही. डॉक्टरांपुढेही मनुष्य खोकल्याचे सांगून परत येतो.

आपले पूर्वज याबाबतीत आमच्याइतके लाजाळू नव्हते. चरकाचार्यांनी हृदय, शिर आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली. बस्ती म्हणजे मूत्राशय. सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे असून, जे वेग अडवू नयेत त्यांत मूत्राचा वेग स्पष्ट सांगितला आहे. ऊसतोडीवर वा प्रवासात आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी रोखून धरणाऱ्या आमच्या भगिनींकडे पाहिले म्हणजे हा जुना उपदेश आजही किती ताजा आहे हे ध्यानात येते.

मूत्राशय म्हणजे कातड्याची पखाल, भरली की ओतावयाची, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. ही पिशवी स्नायूंची आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते, आणि निरोगी स्थितीत ते भरत असताना आतला दाब फारसा वाढत नाही. पिशवीचा स्नायू भरतीबरोबर सैल होत जातो म्हणून हे साधते. आज आम्हांस मुख्यतः हेच सांगावयाचे आहे की सैल राहणे म्हणजे स्वस्थ पडून राहणे नव्हे. त्या स्नायूला त्यासाठी सतत काम करावे लागते, आणि ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म दारांमार्फत चालते.

कृष्णा आणि तारळीच्या काठच्या शेतकऱ्यास दारे धरणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कोणते दार केव्हा मोडावयाचे आणि कोणते बांधावयाचे, यावर सगळ्या सऱ्यांचे भवितव्य ठरते. स्नायूच्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणातही अशी दारे असतात. त्यांस शास्त्रज्ञ आयन चॅनल म्हणतात, कारण त्यांतून विद्युद्भार असलेले कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. पेशीच्या आत पोटॅशियम विपुल असते. उसाच्या खतातील पालाश म्हणतो तेच हे मूलद्रव्य. पेशीबाहेर सोडियम अधिक, आणि चुन्यातील कॅल्शियमही आतल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. कॅल्शियमचे दार उघडून ते आत शिरले की स्नायू आवळतो. पोटॅशियमचे दार उघडून ते बाहेर पडले की पेशीच्या आतील बाजूचा ऋणभार वाढतो, त्यामुळे कॅल्शियमची दारे मिटू लागतात आणि स्नायू सैलावतो. शेतात दार मोडले की पाणी आत येते. येथे विसाव्याचे दार उघडले की माल बाहेर जातो, एवढाच फरक.

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. इंग्लंडच्या हॉजकिन व हक्सली यांनी म्हाकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या या वाहतुकीचे गणित मांडले. एकेका दारातून वाहणारा विद्युत्प्रवाह प्रत्यक्ष मोजण्याची युक्ती जर्मनीत नेहेर व साकमन यांनी १९७६ मध्ये साधली, आणि त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्राशयाच्या स्नायूत पोटॅशियमची अनेक प्रकारची दारे आहेत. त्यांपैकी 'बीके' नावाचे दार मोठे गमतीचे. एका वेळी पुष्कळ पोटॅशियम जाऊ देणारे हे दार खुद्द कॅल्शियम वाढल्यामुळेच उघडते. म्हणजे आवळण्याची आज्ञा घेऊन जो आत आला, तोच आपल्यामागे विसाव्याचे दार उघडतो! असा लगाम नसता तर मूत्राशय थोड्याशा भरतीनेही उसळत राहिला असता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या उंदरांत हे दार बनविणारे जनुक नाहीसे केले होते, त्यांचे मूत्राशय अतिचंचल झालेले आढळले. उलट बाजूचा दाखला माणसांत मिळाला. फेफऱ्यावर रेटिगाबिन नावाचे औषध २०११ पासून वापरात आले होते. ते मज्जातंतूंतील एका जातीची पोटॅशियमची दारे उघडी ठेवते, आणि त्याच जातीची दारे मूत्राशयातही आहेत. काही रोग्यांची लघवी त्यामुळे तुंबू लागली. हे औषध २०१७ मध्ये बाजारातून गेले.

मग ही दारे उघडणारे औषध थोडे थोडे देऊन चंचल मूत्राशय शांत का करू नये? प्रयत्न झाले आहेत. अडचण अशी की रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही याच कुळातील दारे आहेत. ती उघडली की रक्तदाब उतरतो. एका वावरास पाणी द्यावे आणि शेजाऱ्याचेही वावर भिजावे, तसा हा प्रकार. म्हणून सांप्रत जी औषधे प्रचारात आहेत ती आडवाटेने काम करतात. जुन्या गटातील औषधे आवळण्याची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यांनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉन हे नवे औषध जपानमध्ये २०११ मध्ये व अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. ते सैल होण्याचा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंचे काम स्वतः करते, आणि तो निरोप ज्या वाटांनी पोहोचतो त्यांतील एक वाट पोटॅशियमच्या दारांतून जाते असे मानतात. त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दाब तपासल्यावाचून ते घेऊ नये. शेजाऱ्याच्या डबीतील गोळी उचलून घेण्याची आपली रीत येथे विशेष घातक आहे.

घाईने लघवी होणारा प्रत्येक मनुष्य चंचल मूत्राशयाचाच रोगी असतो असे नाही. मधुमेहात मूत्रच जास्त बनते. मूत्रमार्गाच्या संसर्गाने जळजळ होऊन वारंवार जावे लागते. वयस्क पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढून मार्ग अडतो. तेथे मूत्राशय सैल करणारे औषध विचार न करता दिले तर लघवी साफ तुंबण्याचा धोका संभवतो. लघवीत रक्त दिसणे, ताप येणे किंवा लघवी अजिबात न होणे, यांत एक दिवसही दवडू नये.

पाणी पिणे बंद करणे हा उपाय बहुतेकांना प्रथम सुचतो. त्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयास अधिक झोंबते आणि खड्यासही निमंत्रण मिळते. त्याऐवजी चहा कमी करावा, निजण्यापूर्वीचे पाणी थोडे आवरावे. वैद्याच्या सल्ल्याने लघवीच्या दोन वेळांतील अंतर हळूहळू वाढविण्याचा अभ्यास करावा. हा अभ्यास आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम यांनी औषधावाचूनही पुष्कळांना गुण येतो. येथे चरकाचार्यांशी विरोध येत नाही, कारण दिवसभर वेग कोंडणे निराळे आणि चंचल मूत्राशयास काही मिनिटांची शिस्त लावणे निराळे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत टिपण ठेवावे: किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात किती भरली, रात्री किती वेळा उठावे लागले, काय व किती प्यालो. ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नातवाने लिहावे. तोंडाने बोलण्यास जी लाज वाटते, ती वही पुढे करताना वाटत नाही.